पूर्वसूचना दिली होती

बंगळूरच्या पूर्वेकडच्या चार-पाच वस्त्या अकरा वर्षं माझ्या बोटावर जेवल्या. के. आर. पुरमच्या रस्त्यावर पाण्याचे पंप बनवणारा एक कारखाना होता. त्याच्या फाटकाला लागून टाईम ऑफिस होतं, आणि तिथे मी टाईमकीपर होतो. कारखान्याच्या भोंग्याचं बटण माझ्या टेबलाच्या उजव्या अंगाला, भिंतीवर. दुपारी बाराला मी ते दाबलं की आसपासच्या घरांत पानं वाढली जायची, मारुतीच्या देवळात नैवेद्य दाखवला जायचा आणि एक धनगर आपल्या शेळ्या तळ्याकडे वळवायचा. एकदा वीज नसल्यामुळे भोंगा वाजला नाही, तर तो धनगर काठी घेऊन फाटकाशी आला आणि म्हणाला, "येन स्वामी, इवत्तु ऊटा इल्लवा?" म्हणजे, काय महाराज, आज जेवण नाही का?

आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. तेव्हा माझी भाषा पुण्याकडच्या वाचकाला स्वल्प वाकडी वाटेल, सांभाळून घ्यावं. कामगार मला 'टायम-अण्णा' म्हणायचे.

टाईमकीपरचं काम सांगायला सोपं आहे. प्रत्येक कामगाराचा नंबर कोरलेला एक पितळी बिल्ला असतो. सकाळी सगळे बिल्ले फाटकाजवळच्या फळ्यावर टांगलेले असतात. कामगार येतो, आपला बिल्ला काढतो, लाकडी पेटीत टाकतो आणि आत जातो. भोंगा झाल्यावर पाच मिनिटांनी मी पेटी आत घ्यायचो. फळ्यावर जे बिल्ले उरले ते लोक गैरहजर. पाच मिनिटांच्या पुढे आला त्याच्या नावापुढे लाल शाई. लोक कारणं सांगायचे. एकाची सायकल त्याचा सासरा आठवड्यातून तीनदा न विचारता घेऊन जायचा. मी ऐकून घ्यायचो आणि लाल शाईचा टाक उचलायचो. रेडिओवरच्या ठोक्याशी माझं घड्याळ रोज मिळवलेलं असे. घड्याळ बरोबर असणारा माणूस बरोबरच असतो, असं मला तेव्हा वाटायचं.

या कारखान्यात लढाईवरून परत आलेले बरेच जण होते. महायुद्ध संपल्यावर पलटणी मोडल्या, माणसं मोकळी झाली, आणि बंगळूरच्या कारखान्यांना शिस्तीची माणसं हवीच होती. वेळेवर येणारी, कमी बोलणारी माणसं. त्यांच्या सवयी मात्र वेगळ्या होत्या. स्टोअरमध्ये डिकोस्टा म्हणून एक होता, कँटोन्मेंटात राहणारा, साडेतीन वर्षं जपान्यांच्या कैदेत काढलेला. तो दुपारच्या सुट्टीत भिंतीला टेकून लोकरीचे मोजे विणत बसायचा. बंगळूरच्या हवेत लोकरीचे मोजे कोण घालणार? पण तो विणायचा, एक जोड झाली की उसवायचा आणि पुन्हा विणायला घ्यायचा. पलटणीत पूल-सुरुंगांचं काम केलेला, फौंड्रीतला एक तमिळ सॅपर सुट्टीत रोज एकच हातरुमाल धुऊन, वाळवून, चौकोनी घडी घालून खिशात ठेवायचा. आज अशा गोष्टींना नावं आहेत, डॉक्टर आहेत. तेव्हा आम्ही म्हणायचो, "लढाईतला माणूस, स्वल्प असाच." आणि हसायचो. हसणाऱ्यांत मी पुढे असायचो.

भरमाण्णा चौगुले हा बेळगावकडचा, खानापूर भागातला. मशीन शॉपमध्ये लेथवर होता. चाळिशीचा, आडव्या हाडाचा, मिशा कापलेल्या. आफ्रिकेत समुद्रकाठच्या एका बंदरात तो दीड वर्ष होता. तिथे दिवसातून कितीदाही विमानं यायची, आणि ती येण्याआधी भोंगा व्हायचा. आमचा भोंगा कारखान्याने लढाईनंतर कँटोन्मेंटच्या लिलावात घेतला होता. विमानांची सूचना देण्यासाठी बनवलेलाच तो भोंगा, आवाज तोच. हे मला ठाऊक होतं, आणि आल्यागेल्याला मी ते कौतुकाने सांगायचो.

भरमाण्णाची सवय अशी होती. भोंग्याच्या बरोबर दोन मिनिटं आधी तो लेथ बंद करायचा, कोपऱ्यातल्या नळाशी जायचा आणि दोन्ही मनगटं पाण्याखाली धरून उभा राहायचा. भोंगा होईपर्यंत तोंडातल्या तोंडात आकडे मोजायचा. भोंगा संपला की हात पुसायचा. कारखान्याच्या नियमात भोंग्याआधी मशीन सोडणं हा गुन्हा. मी तीन वेळा त्याच्याविरुद्ध लिहून दिलं. मशीन शॉपचा फोरमन जुना, समजूतदार माणूस होता. त्याने मला सांगून पाहिलं, "अण्णा, बिडी, सोडून द्या. दिवसभरात दोन-चार मिनिटांचा प्रश्न आहे." मी सोडलं नाही. तिसऱ्या खेपेला भरमाण्णा स्वतः माझ्या खिडकीशी आला.

"आण्णा, एक सांगू?" तो म्हणाला. "भोंगा वाजणार हाय ह्ये ठाऊक असलं की मला काय होत न्हाई. हात पान्याखाली धरतो, मोजतो, संपतंय. ठाऊक नसलं की मग मी हितं नसतोय."

"हितं नसतोस म्हणजे?"

"हितं नसतोय," एवढंच तो पुन्हा म्हणाला. मग थोडं हसला. "तुमचं घड्याळ बरोबर असतंय म्हनून चाललंय. त्येच्यावरच माजा संसार हाय बगा."

मला ते फार आवडलं. घरी जाऊन मी बायकोला सांगितलं की एका माणसाचा संसार माझ्या घड्याळावर चालतो. त्यानंतर मी लिहून देणं थांबवलं. पण तो काय मागतोय, ते मी ऐकलं नव्हतं. मी माझी स्तुती तेवढी ऐकली होती.

पुढच्या वर्षीची गोष्ट. एके दिवशी सकाळी पावणेअकराच्या सुमाराला मॅनेजरचे काही पाहुणे कारखाना बघायला आले. दोन बायका, तीन पुरुष. मॅनेजर त्यांना घेऊन टाईम ऑफिसात आला. त्यांतल्या एका कोटवाल्या गृहस्थाने भोंग्याची चौकशी केली. मी लगेच सांगितलं की हा लढाईतला आहे.

"लढाईत कसा वाजायचा?" त्याने विचारलं.

"खालीवर, खालीवर. बटण दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. बघायचंय का?"

मी मॅनेजरकडे पाहिलं. तो म्हणाला, "नाहीतरी चाचणी करावीच लागते ना? नेहमीप्रमाणे कळवून वाजवा." आणि पाहुण्यांना माझ्यापाशी सोडून तो फोन आला म्हणून आपल्या खोलीकडे गेला.

कळवून म्हणजे काय, ते सांगतो. अवेळी भोंगा वाजवायचा असेल तर शिपायाबरोबर प्रत्येक खात्यात सूचनावही फिरवायची, फोरमनची सही घ्यायची, मग वाजवायचा. त्याला वीस मिनिटं लागतात. पाहुणे उभे होते. बायकांपैकी एकीने आधीच कानांवर हात ठेवून हसायला सुरुवात केली होती.

बटणावर बोट ठेवलं तेव्हा मला भरमाण्णा आठवला. 'लक्षातच आलं नाही' असं मी पुढे स्वतःलाही बरीच वर्षं सांगत होतो, म्हणून हे स्पष्ट लिहितो. तो आठवला, त्याची मनगटं आठवली. आणि मनात आलं, बघू तरी काय करतो.

मी बटण दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं. सहा-सात वेळा.

मशीन शॉप टाईम ऑफिसच्या समोरच होतं. तिकडून ओरडा ऐकू आला. आम्ही सगळे दाराशी गेलो. शेजारच्या लेथवरचा नंजुंडय्या जमिनीवर पालथा पडला होता आणि भरमाण्णा त्याच्यावर अंग टाकून, आपल्या हातांनी त्याचं डोकं झाकून पडून होता. लेथ तशीच फिरत होती. नंजुंडय्या किंचाळत होता, कारण पडताना त्याचा कोपर लोखंडी पट्टीवर आपटून मोडला होता. भरमाण्णाला ते ऐकू येत नव्हतं. तो मराठीत त्याच्या कानात सांगत होता, "हलू नको, हलू नको, आता जातील."

कुणीतरी लेथ बंद केली. त्या शांततेत पाहुण्यांपैकी एक जण हसला. मग बाईही हसली. आणि मी हसलो. पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून हसलो असेन. पण हसलो, आणि मोठ्याने.

भरमाण्णाने मान वर केली. आधी आमच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पँटकडे. ती भिजली होती. तो सावकाश उठला, पुढ्यात दोन्ही हात धरून नळाकडे गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

नंजुंडय्याला इस्पितळात नेलं. चार दिवसांनी मॅनेजरच्या खोलीत चौकशी झाली. मॅनेजरने मला एकच प्रश्न विचारला, "पूर्वसूचना दिली होती का?"

नाही म्हटलं असतं तर लाल शाई माझ्या नावापुढे लागली असती. लागू द्यायला हवी होती. पण चौकशीच्या आदल्या दिवशीच मी सूचनावहीत त्या तारखेखाली लिहून ठेवलं होतं, 'भोंग्याची चाचणी. पूर्वसूचना दिली.' भोंगा वाजवला त्या दिवशी फोरमन रजेवर होता, ते माझ्या पथ्यावर पडलं. मी म्हणालो, "फोरमन नव्हता म्हणून मी स्वतः मशीन शॉपमध्ये जाऊन तोंडी सांगितलं. मशीनच्या गोंगाटात बाकीच्यांना ऐकू गेलं नसेल. चौगुलेला तर जवळ जाऊन मुद्दाम सांगितलं, कारण त्याची सवय मला ठाऊक होती."

हे शेवटचं वाक्य मला कुणी विचारलं नव्हतं. ते मी आपणहून घातलं.

मॅनेजर भरमाण्णाकडे वळला. "यांनी तुला सांगितलं होतं?"

भरमाण्णा माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा बोलणार, आणि मी संपणार. त्याच्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. राग नव्हता. तो आठवायचा प्रयत्न करत होता. माझा चेहरा बघून तो त्या सकाळी मी कधी आलो, कुठे उभा होतो, ते आठवू पाहत होता.

"आण्णा म्हनतात तर सांगितलं असंल, साहेब," तो शेवटी म्हणाला. "त्ये खोटं कशाला बोलतील? माज्याच ध्यानात न्हाई. पार न्हाई."

सूचना देऊनही जो माणूस असं करतो, त्याला फिरत्या मशीनपाशी ठेवणं धोक्याचं, असं मॅनेजरने ठरवलं. त्याच्या बाजूने ते बरोबरच होतं. भरमाण्णाला कामावरून काढलं.

पंधरा दिवसांनी त्याची बायको गंगव्वा बिल्ला परत द्यायला फाटकाशी आली. उंच, सावळी बाई. बिल्ला तिने पदराने पुसून माझ्यापुढे ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

"आण्णा, इचारू का एक?"

"विचार, अक्का."

"तुमी ह्यांस्नी खरंच सांगितलं हुतं न्हवं? न्हाई, म्हंजे रागावू नकासा. ह्ये आता कशावरच इस्वास ठेवंनात. चूल इझली का म्हनून तीनदा इचारत्यात. जेवून उठत्यात आन् मला इचारत्यात, मी जेवलो का गं? म्हनत्यात, सांगितलेलं इसरलो तर आनी काय काय इसरत असंन. तुमी सांगितलं नसलं तर त्येवडं सांगा. मी कुनापुढं बोलायची न्हाई."

खिडकीत आम्ही दोघंच होतो. तिने मला सुटायची वाट करून दिली होती.

"होय," मी म्हणालो. "सांगितलं होतं."

तिने मान हलवली. तिचा भाऊ देवनहळ्ळीला एका चकोत्याच्या, म्हणजे पपनसाच्या, बागेत राखणीला होता, तिकडे जातोय म्हणाली आणि गेली.

यापुढची दोन-तीन वर्षं मी कारखान्यात चांगला माणूस म्हणून गाजलो. प्रत्येक खात्यात एक लाल दिवा बसवावा आणि भोंग्याच्या पाच मिनिटं आधी तो लावावा, अशी सूचना मी लिहून दिली. ती मंजूर झाली. लढाईवरून आलेल्यांना त्याचा फार उपयोग झाला. दिवा लागला की सॅपर बाहेर येऊन उभा राहायचा, आणखीही दोघे-तिघे कान झाकायचे, पाणी प्यायचे, कुणी जपाची माळ काढायचा. भोंग्याआधी मशीन सोडणं नियमाप्रमाणे अजूनही गुन्हाच होता, पण आता कुणी लिहून देत नव्हतं. कामगारांच्या सुरक्षेची काळजी घेतल्याबद्दल मला वार्षिक समारंभात हार घालण्यात आला. मी तो घालून घेतला.

समारंभानंतर डिकोस्टा माझ्यापाशी आला. हातात सुया होत्याच. तो कँटोन्मेंटची हिंदी बोलायचा.

"बाबू, लाल बत्ती अच्छा है. हम लोग के वास्ते," तो म्हणाला. "भरमा के वास्ते बत्ती नहीं मंगता. उसके वास्ते तुम्हारा मुँह मंगता."

"तुला काय ठाऊक?" मी विचारलं.

"उस दिन मैं गेट के पास खड़ा था, माल उतारने को. सुबह से. तुम टाईम ऑफिस से निकला ही नहीं."

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मग चौकशीत का बोलला नाहीस, असं मी त्याला चिडून विचारलं. त्याने विणलेली एक ओळ उसवली. मग म्हणाला की साहेब लोकांच्या टेबलासमोर उभं राहून कुणाचं नाव घ्यायचं काम त्याच्याने होत नाही. कैदेत एकदा त्याने घेतलं होतं. पुढचं विचारायची माझी छाती झाली नाही.

एवढं झाल्यावरही मी गेलो नाही. देवनहळ्ळी काही लांब नाही, बसने अर्ध्या दिवसात जाऊन येता येतं. पण मी दर रविवारी काही ना काही काम काढत होतो.

चीनशी लढाई झाली तेव्हा गावोगाव हवाई हल्ल्याच्या तालमींची बोलणी सुरू झाली. आमच्याही कारखान्याला कागद आला. धोक्याचा भोंगा खालीवर वाजवायचा, धोका टळल्याचा सरळ. कागद माझ्या टेबलावर ठेवला गेला, कारण बटण माझ्याकडे. शिपायाने विचारलं, "अण्णा, तुम्हाला असा वाजवता येतो का?" मी हो म्हणालो, आणि त्या रविवारी देवनहळ्ळीची बस धरली.

किल्ल्याच्या पलीकडे बाग सापडली. चकोत्याची झाडं फळांनी वाकली होती. भरमाण्णा एका झाडाच्या आळ्यात पाणी सोडत होता. केस पिकले होते, बाकी तसाच. मला ओळखून त्याने हात जोडले. त्याच्या कमरेला दोन पिशव्या होत्या. पाणी देऊन झाल्यावर त्याने डाव्या पिशवीतून एक चिंचोका काढला आणि उजव्या पिशवीत टाकला.

मी बघतोय हे गंगव्वाच्या लक्षात आलं. "त्येंचं ध्यान ऱ्हात न्हाई न्हवं," ती म्हणाली. "पानी दिलं की एक. फाटक लावलं की एक. जेवलं की एक. सांजच्याला मोजत्यात, मग निजत्यात. आता तरास न्हाई तेवडा." ती हे अगदी साधेपणाने सांगत होती, जसं कुणी सांगावं की यांना चहात साखर चालत नाही.

मी उभ्या उभ्याच बोललो. बसलो असतो तर बोललो नसतो.

"भरमाण्णा, त्या दिवशी मी तुला काही सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. मशीन शॉपमध्ये आलोच नव्हतो. वहीत मी नंतर लिहिलं."

त्याने खोरं खाली ठेवलं.

"सांगितलंच न्हवतं?"

"नाही."

"म्हंजे मी इसरलो न्हाई."

"नाही. विसरायला काही नव्हतंच."

तो बायकोकडे वळला. "गंगे, ऐकलंस? मला सांगितलंच न्हवतं. मी इसरलो न्हवतो." त्याचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर वाटलं, आता हा मला मिठी मारेल. मग तो आळ्याच्या काठावर बसला. दोन्ही पिशव्या सोडून त्याने मांडीवर घेतल्या आणि त्यांच्याकडे बघत म्हणाला, "सात वर्सं. सात वर्सं मी हिला इचारतोय, मी जेवलो का."

गंगव्वा माझ्यासमोर आली. "मी तुमच्या खिडकीशी येऊन इचारलं हुतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "कुनापुढं बोलनार न्हाई म्हनून सांगितलं हुतं. तरी तुमी हो म्हनलासा."

मी मान खाली घातली. माफ कर, असं काहीतरी म्हणालो असेन. दोघांनीही ते कानावर घेतलं नाही.

"लिवून द्या," भरमाण्णा म्हणाला.

खिशातल्या डायरीचं पान फाडून मी लिहिलं. पलटणीत शिकलेलं वाचन त्याला येत होतं. बोट फिरवत त्याने वाचलं आणि एका शब्दावर थांबला. मी लिहिलं होतं, 'गैरसमजामुळे भरमाण्णा चौगुले यांच्यावर ठपका आला.'

"गैरसमज कुनाचा?" त्याने विचारलं.

मी तो शब्द खोडला. वर लिहिलं, 'मी खोटं बोललो म्हणून.' सही केली. त्याने कागदाची घडी केली.

"आता जावा," तो म्हणाला. "बस हाय थोड्या येळानं."

त्यांनी मला चहा विचारला नाही. गंगव्वाने जाताना पाण्याचा तांब्या पुढे केला. तो कुणालाही केला असता.

महिनाभराने संध्याकाळी सुटीच्या वेळी भरमाण्णा कारखान्याच्या फाटकाशी आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात तो कागद. मला वाटलं, मॅनेजरकडे जाणार. मी खुर्चीवरून उठलो आणि म्हणालो, "चल, मी येतो बरोबर."

"मॅनेजरला काय करायचंय?" तो म्हणाला. "नंजुंडय्याला बलवा."

नंजुंडय्याचा हात नीट बसला नव्हता. कोपरात वाकत नसे, त्यामुळे लेथ सुटली होती आणि तो स्टोअरमध्ये डिकोस्टाच्या हाताखाली किरकोळ कामं करायचा. आपला हात एका वेड्याने मोडला, असं तो सात वर्षं सगळ्यांना सांगत आला होता. भरमाण्णाला बघून तो दोन पावलं मागे सरला. डिकोस्टाने त्याच्या पाठीला हात लावून त्याला पुढे आणलं.

भरमाण्णाने कागद पुढे धरला. नंजुंडय्याने तो उलटसुलट करून पाहिला. त्याला कन्नड तेवढं वाचता येत होतं.

"आण्णा वाचून दाखवतील," भरमाण्णा म्हणाला.

माणसं बाहेर पडत होती. बिल्ले परत टांगायला रांग लागली होती. रांगेतले लोक बघायला थांबले. मी चष्मा लावला आणि माझ्याच हातचं मराठी कन्नडमध्ये सांगत वाचलं. की मी सूचना दिली नव्हती. की वहीत नंतर लिहिलं. की हा माणूस त्या दिवशी काहीही विसरला नव्हता, आणि तू ज्याच्याखाली सापडलास तो तुला वाचवायला आला होता. शेवटचं कागदात नव्हतं, ते मी घातलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मला बोलावलं. ते बटण माझ्याकडून काढून घेतलं गेलं, मला माल रवाना करण्याच्या खात्यात पाठवलं, आणि निवृत्तीपर्यंत मी तिथेच राहिलो. भरमाण्णाला परत घ्यायची मॅनेजरची तयारी होती. पण भरमाण्णानेच निरोप पाठवला की बागेत बरं आहे. या गोष्टी नंतरच्या.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाचून झालं. नंजुंडय्या आपल्या आखडलेल्या हाताकडे बघत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "इन्नोंदु सल ओदी." पुन्हा एकदा वाचा.

रांगेत तोवर साठ-सत्तर माणसं जमली होती. मागच्यांना पहिल्यांदा ऐकू गेलं नव्हतं. मी पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्याने, आणि कुठेही न थांबता.

नंजुंडय्याने चांगला हात भरमाण्णाच्या खांद्यावर ठेवला. डिकोस्टाने त्याच्या दुसऱ्या बाजूला जागा घेतली. तिघं रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलात कॉफी प्यायला गेले. मी कागद हातात धरून उभा होतो. हॉटेलच्या पायरीवरून भरमाण्णा एकटा परत आला, माझ्या हातातून कागद घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि पुन्हा रस्ता ओलांडून गेला.